लंडनला लेकाकडे जाताय? पोलिश वैमानिकांच्या स्मारकावर एक दुपार काढा, कशी ते सांगते

आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली लेकाकडे नाहीतर लेकीकडे लंडनला दोन-तीन महिने जाऊन राहतात. सुट्टीच्या दिवशी पोरं लंडन आय, राजवाडा, टॉवर ब्रिज सगळं दाखवतात आणि मग सोमवार ते शुक्रवार आपण घरात, खिडकीतून रस्ता बघत. माझंही पहिले पंधरा दिवस तसंच झालं. लेक-जावई हॅरोला राहतात, दोघं सकाळी आठला बाहेर पडायची, मग एक दिवस जावयाच्या गाडीतून जाताना हायवेवर पाटी दिसली, पोलिश वॉर मेमोरियल. जावई म्हणाला आई, हे नाव रोज रेडिओवर ऐकतो, ट्रॅफिक जाम इथेच असतो, पण उतरून कधी बघितलं नाही. मी म्हटलं मग मी बघते. आणि पुढच्या अडीच महिन्यांत पाच वेळा जाऊन आले. परत आल्यापासून गावातले, ओळखीतले विचारतात की जायचं कसं, तिथे आहे काय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी आहे काय ते सांगते, कारण नुसतं गेलात तर एक खांब, वर गरुड, मागे भिंत, पाच मिनिटांत फोटो काढून परत याल. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पोलंडमध्ये घुसला आणि १७ तारखेला दुसऱ्या बाजूने रशिया. देशच उरला नाही. त्यांचे वैमानिक रुमानिया, हंगेरीतून वाट काढत फ्रान्सला पोचले, जून १९४० मध्ये फ्रान्सही पडला तेव्हा इंग्लंडला आले. इंग्लंडला ती मुलं शेवटच्या आशेचं बेट म्हणायची, म्हणजे याच्यापुढे जायला जागाच नाही. इंग्रजांना पहिल्यांदा त्यांचा भरवसा वाटेना, भाषा येत नाही, मैल कळत नाहीत, किलोमीटरची सवय, विमानाचा थ्रॉटल, म्हणजे वेग कमीजास्त करायचा दांडा, तो सुद्धा आधीच्या विमानांच्या उलट दिशेने चालायचा. मग त्यांना शिकवायला चक्क मैदानात मोठ्या तीनचाकी सायकली दिल्या, सायकलवर रेडिओ आणि होकायंत्र लावलेलं, आणि विमानासारखं रांगेत चालवायला लावलं. ज्यांनी आपल्या देशावरून लढाईत विमानं उडवली होती ती माणसं तीनचाकी चालवत होती, पण त्यांनी तेही केलं.

३० ऑगस्ट १९४० ला ३०३ नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे पोलिश वैमानिकांची लढाऊ विमानांची तुकडी, जी स्मारकाला लागूनच असलेल्या नॉर्थोल्टच्या विमानतळावर होती, सरावाला वर गेली. त्यात लुडविक पाश्क्येविच नावाचे वैमानिक होते. त्यांना लांब जर्मन विमानं दिसली, रेडिओवर कमांडरला सांगितलं, उत्तर आलं नाही, मग ते रांग सोडून एकटेच गेले आणि एक विमान पाडून आले. दुसऱ्या दिवसापासून स्क्वाड्रन लढाईला मंजूर. पुढच्या साधारण सहा आठवड्यांत ३०३ ने १२६ विमानं पाडल्याची नोंद केली. ब्रिटनच्या त्या हवाई लढाईत, म्हणजे १९४० मध्ये इंग्लंडवर चालून आलेल्या जर्मन विमानांना अडवलं त्या लढाईत, एकूण १४५ पोलिश वैमानिक उडाले. पाश्क्येविच २७ सप्टेंबरला गेले, म्हणजे त्या पहिल्या विमानानंतर महिनासुद्धा मिळाला नाही त्यांना. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता स्मारक. मध्ये पोर्टलंडच्या फिकट दगडाचा उंच खांब, त्यावर ब्राँझचा गरुड पंख पसरून, ब्राँझची अक्षरं, आणि नावं, नावं, नावं. ज्यांनी हे घडवलं ते मिएचिस्वाव लुबेलस्की, स्वतः पोलिश शिल्पकार, युद्धात सक्तमजुरीच्या छावणीत राहून आलेले. २ नोव्हेंबर १९४८ ला उद्घाटन झालं. ही तारीख सहज निघालेली नाही असं मला वाटतं, कारण २ नोव्हेंबर म्हणजे त्यांच्याकडे गेलेल्या माणसांची आठवण काढायचा दिवस, आपली सर्वपित्री समजा. त्याच्या दोन वर्षं आधी, १९४६ ला लंडनमध्ये विजयाचं मोठं संचलन झालं, त्यात पोलिश सैन्य चाललं नाही. आणि घरी परत जावं तर तिथे रशियाच्या धाकातलं सरकार, त्यामुळे कितीतरी जण इंग्लंडमध्येच राहिले. म्हणून हे स्मारक त्यांच्यासाठी नुसता दगड नाही, गाव नसलेल्या माणसांची ती चावडी होती. सुरुवातीला बाराशेच्या वर नावं होती, सगळी मावली नव्हती, १९९६ मध्ये आणखी शेकडो कोरली.

जायचं कसं. मेमोरियल ए-४० नावाच्या हायवेला वेस्ट एंड रोड जिथे मिळतो तिथे आहे, नॉर्थोल्टच्या विमानतळाला लागून. जवळचं स्टेशन साऊथ रायस्लिप. सेंट्रल लाईन, म्हणजे नकाशात लाल रंगाची. इथे एक गोष्ट नीट बघा, ही लाईन नॉर्थ ॲक्टनला फुटते, एक फाटा ईलिंग ब्रॉडवेला जातो आणि एक वेस्ट रायस्लिपला, गाडीच्या तोंडावर आणि फलाटावरच्या बोर्डावर वेस्ट रायस्लिप लिहिलेलं असेल तरच चढायचं. मी एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटहून येताना आली गाडी की चढले आणि ईलिंगला जाऊन बसले, तिथून परत नॉर्थ ॲक्टनला येऊन बदलली, पाऊण तास गेला. आपल्याकडे दिवा-सावंतवाडी समजून कुणी मांडवीत चढत नाही ना, तसंच बोर्ड वाचायची सवय इथेही ठेवा. मेरिलबोन स्टेशनवरून चिल्टर्नची मोठी गाडी सुद्धा साऊथ रायस्लिपला थांबते, ती पटकन पोचते. स्टेशन झोन पाचमध्ये आहे. तिकीट काढायचं नाही, ऑयस्टर कार्ड नाहीतर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड, ट्रेनला चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टॅप, बसला फक्त चढताना. आणि ज्या कार्डाने आत गेलात त्याच कार्डाने बाहेर या, नवरा-बायकोने एकच कार्ड दोघांना वापरायचं नाही, दोघांची दोन वेगळी.

स्टेशनहून चालत वीसेक मिनिटं, आपल्या वयाला अर्धा तास धरा. रस्ता सपाट आहे, पाखाडी नाही की चढ नाही, गुडघ्यांना त्रास होत नाही. मोबाईलच्या मॅपवर पोलिश वॉर मेमोरियल टाका, चालत जायचा पर्याय निवडा आणि फक्त फूटपाथ आणि सिग्नल सोडायचे नाहीत, कारण तो हायवे म्हणजे आपला मुंबई-गोवा नव्हे की हात दाखवला आणि गेलो पलीकडे, गाड्या थांबतच नाहीत. बसस्टॉपचं नावच पोलिश वॉर मेमोरियल आहे, तर चालायचं नसेल तर पोरांना बस शोधून द्यायला सांगा. टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगितलं तरी पुरतं.

तिकीट नाही, गेट नाही, वॉचमन नाही, केव्हाही जा. पण दिवसाचं गणित लक्षात घ्या, डिसेंबरात दुपारी चारला अंधार होतो, जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड. मला विचाराल तर एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये तिथे दरवर्षी पोलिश लोकांचा कार्यक्रम होतो, तारीख पोरांना नेटवर बघायला सांगा. आणि १-२ नोव्हेंबरला जमलं तर नक्की जा, काचेतल्या मेणबत्त्या लावलेल्या दिसतील.

सोबत काय न्यायचं. टोपीवालं जॅकेट. छत्री नको, आपल्याला वाटतं आपण कोकणातले, पावसाचं आपल्याला काय, पण आपला पाऊस सरळ वरून कोसळतो आणि तिथला आडवा, बारीक, वर हायवेचा वारा, छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. पाण्याची बाटली. घरून निघताना बाथरूमला जाऊन निघा, स्मारकाजवळ सोय नाही. डबा न्यायला हरकत नाही, पण तो स्टेशनजवळ किंवा वाटेत बाकावर बसून खा, नावांसमोर बसून पोळी-भाजी नको, ते बरं दिसत नाही. चष्मा, वाचायचा. हा विसरू नका, खरं काम त्याचंच आहे.

आता पूजेचं. हे लिहावं लागतंय कारण मला दोघीतिघींनी विचारलं की नारळ फोडला तर चालेल का, हळदकुंकू वाहू का. भावना चांगली आहे, पण नको. पोर्टलंडचा दगड म्हणजे चुनखडीचा, हळद आणि तेल त्याच्यात मुरतं आणि निघत नाही. आपला चिरा कसा, सगळं पिऊन काळा पडतो तरी शोभतो, तो दगड तसा नाही. उदबत्ती पण नको. फुलं न्या, पांढरी आणि लाल, त्यांच्या झेंड्याचे तेच दोन रंग आहेत, सुपरमार्केटमध्ये कार्नेशनचा गुच्छ सहज मिळतो, वरचं प्लास्टिक घरीच काढून टाका. दिवा लावायचा असेल तर पोलिश दुकानात काचेच्या भांड्यातली झाकण असलेली मेणबत्ती मिळते, त्याला ते झनिच म्हणतात, वाऱ्यात विझत नाही. ती खाली जमिनीवर ठेवायची, नावांच्या दगडाला टेकवून नाही, धूर लागतो.

आणि आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. तिथे जाऊन नावं मोठ्याने वाचा. फोटो नंतर काढा. सगळी नका वाचू, शक्य नाही, दहा वाचा, पाच वाचा, पण ओठ हलवून वाचा.

पोलिश नावं बघितली की घाबरायला होतं, सगळी व्यंजनंच. पण मराठी माणसाला ती इंग्रज माणसापेक्षा सोपी जातात, खरंच सांगते. आपल्या चिंचेत दोन च आहेत ना, चिं मधला वेगळा आणि शेवटचा च वेगळा, एकदा म्हणून बघा. पोलिशमध्ये सी आणि झेड जोडून आला की चिंचेचा पहिला च, आणि नुसता सी आला की चिंचेचा दुसरा च, चमच्यातला. इंग्रजांना हा दुसरा च सांगून कळत नाही, आपल्याला जन्मतः येतो. एस आणि झेड जोडून म्हणजे श. ते दोन्ही एकापुढे एक, एस-झेड-सी-झेड आले की लोक हात टेकतात, ते आपलं पश्चिममधलं श्च आहे, बस. डब्ल्यू म्हणजे साधा व. जे म्हणजे य, म्हणून जॅन नाही, यान. आडवी काट मारलेला एल दिसला तर तो ल नाही, ओठ गोल करून म्हणायचा व. एवढं आलं की नव्वद टक्के भिंत वाचता येते.

आडनावांच्या शेवटी स्की खूप दिसेल. ते मुळात गावावरून आलेलं असतं, आपल्या कर सारखं. लुबेलस्की म्हणजे लुब्लिन शहराचे, लुब्लिनकर म्हणा. एकदा हे कळलं की ती भिंत परकी राहत नाही, कुणी गुहागरकर, कुणी हर्णेकर, कुणी केळशीकर असे सगळे उभे आहेत असं वाटतं. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा असं वाचत वाचत गेले आणि मला रडू आलं, कारण नाव वाचलं की गाव येतं आणि गाव आलं की आई येते.

जाण्याआधी घरी बसून एक काम करा. लिस्ता क्शिस्त्का म्हणून एक वेबसाईट आहे, १९४० ते १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये असलेल्या पोलिश हवाई दलाच्या माणसांची यादी, त्यात नाव टाकून शोधता येतं. नातवंडांना सांगा, एक नाव निवडा, कुठल्या स्क्वाड्रनचे, कधी जन्मले, काय झालं ते बघा, आणि मग तेच नाव भिंतीवर शोधायला जायचं. पोरांना गड-किल्ले दाखवताना आपण जसं गोष्ट सांगून नेतो तसं. माझी नात नऊ वर्षांची, नुसतं चल म्हटलं असतं तर आली नसती, पण नाव शोधायचंय म्हटल्यावर पुढे पळाली. सगळेच वैमानिक नव्हते हेही तिला सांगितलं, बॉम्बर विमानात पाच-सहा जण असायचे, कुणी वायरलेसवाला, कुणी गनर, एक विमान गेलं की पाच घरं जायची.

मी पाश्क्येविच शोधत होते. नाव सापडलं, बोट न लावता जवळ गेले आणि म्हटलं, पाझ्कीविक्झ. मागे एक बाई उभ्या होत्या, माझ्यापेक्षा मोठ्या, ऐंशीच्या असतील, हातात मेणबत्तीची पिशवी. त्यांनी मान हलवली आणि हळू म्हटलं, पाश्-क्ये-विच. मी म्हटलं, पाश्क्येविच. परत एकदा म्हणायला लावलं, शाळेत मी पोरांना लावायचे तसंच, आणि बरोबर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. इंग्रजी त्यांना माझ्याएवढंच येत होतं. इंडिया म्हटल्यावर त्या म्हणाल्या, कोल्हापूर. मी बघतच राहिले. वर विमान उतरत होतं, हायवेचा आवाज, पुढचं काही ऐकू आलं नाही, पण कोल्हापूर हे नाव त्यांनी तीनदा घेतलं. चिंचेचे दोन च मला त्यानंतर सुचले, म्हणजे ही उच्चारांची शिकवणी त्या बाईंचीच आहे.

ते कोल्हापूरचं असं आहे. रशियाने ज्यांना सैबेरियाकडे नेलं होतं त्यातली बायका-मुलं पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश लोकांची छावणी होती. घरातले पुरुष कुठे सैन्यात, कुठे बेपत्ता. तर ज्यांना लंडनला जायचं नाही किंवा जमणार नाही त्यांनी हे करा, आंबा घाट चढून अंबाबाईला आपण जातोच, तेव्हा महावीर गार्डनमध्ये जा, तिथे त्या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. दहा मिनिटांचं काम आहे आणि नात्याचं दुसरं टोक बघितल्यासारखं होतं.

लंडनमध्ये वेळ असेल तर त्याच भागात दोन जागा अजून. अक्सब्रिजला बॅटल ऑफ ब्रिटन बंकर आहे, जमिनीखालची खोली जिथून ही विमानं कुठे पाठवायची ते ठरायचं, मोठ्या टेबलावर नकाशा तसाच आहे. खाली जायला ७६ पायऱ्या, आणि तेवढ्याच वर, गुडघे बघून ठरवा, बुकिंग आधी करावं लागतं. वर म्युझियम आहे ते पायऱ्यांशिवाय बघता येतं. आणि नॉर्थवुडच्या दफनभूमीत पोलिश वैमानिकांच्या कबरी आहेत, पाश्क्येविच तिथेच आहेत. मी तिथे गेले नाही, दोन बस बदलायच्या होत्या आणि नात दमली होती. पुढच्या वेळी जाणार.

एक सांगायचं राहिलं, विमानतळ चालू आहे, हवाई दलाचा आहे. कुंपणाला चिकटून फोटो, गेटवर जाऊन चौकशी, ड्रोन हे सगळं टाळा. स्मारकाच्या बागेत मात्र कितीही वेळ बसा, कुणी काही म्हणत नाही. मी एकदा दीड तास बसले होते.

बसून मी काय विचार करत होते ते सांगते. आमच्या गावात शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी दगड बसवलेला आहे. कोकणातल्या कितीतरी गावांत आहे तसा, तुमच्याकडेही असेल, बघा. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर लावलेला. या गावातून ११ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यातल्या ३ जणांनी प्राण दिले. एवढंच. नाव एकाचंही नाही. मी त्याच शाळेत शिकले, तिथेच बावीस वर्षं शिकवलं, रोज त्या दगडाखालून गेले आणि ते ३ कोण हे कधी विचारलं नाही. म्हातारी माणसं एवढंच म्हणायची की बसऱ्याला, म्हणजे इराकमधल्या बसऱ्याला, गेले ते आलेच नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर सुद्धा आपल्या साध्या शिपायांची नावं नाहीत, पलटणीखाली नुसते आकडे आहेत. आणि इथे एवढ्या लांब, ज्यांचा देश नकाशावरून पुसला गेला त्यांच्यातल्या कुणीतरी एकेक नाव दगडावर लिहून ठेवलं, आणि ज्यांची राहिली होती त्यांची ४८ वर्षांनी सुद्धा कोरली.

आपल्याकडे नाव असलेले एक आहेत. यशवंतराव घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला. माणगावला त्यांचं स्मारक आहे, चाकरमानी गणपतीला जाताना तिथेच वडापाव खायला थांबतात, पुढच्या वेळी दोन मिनिटं तिकडे पण जा. त्याच इटलीत पोलिश सैन्य पण लढत होतं, दोन महिने आधी मे मध्ये माँते कासिनो, डोंगरावरचा मठ, त्यांनी जिंकून घेतला.

तर लंडनहून परत आल्यावर मी वाडीवाडीत विचारायला सुरुवात केली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून महायुद्धात पडलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था आहे, तिच्या वेबसाईटवर आडनाव आणि गाव टाकून शोधता येतं, भाच्याने शोधून दिलं, पण स्पेलिंग इंग्रजांनी कशीही केलेली, चार-पाच तऱ्हेने टाकून बघावं लागतं. जास्त उपयोग झाला तो घरातल्या ट्रंकांचा, पेन्शनचा कागद, एक तांब्याचं बिल्लं, देवाच्या फोटोमागे ठेवलेलं. तिघांपैकी दोघांची नावं मिळाली. एक आमच्या खालच्या वाडीतले, त्यांच्या पणतवाला सुद्धा माहीत नव्हतं. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर दगडासमोर पोरांना ती दोन नावं मोठ्याने वाचायला लावली, एक मुलगा अडखळला, त्याला परत म्हणायला लावलं. तिसरं नाव अजून मिळालेलं नाही. वरच्या वाडीतल्या एका बंद घराची चावी मुंबईला आहे, ते लोक गणपतीला येतील तेव्हा माळ्यावरची पेटी उघडू देणार म्हणालेत.